रस्ता आखतानाच पोलिसाची जागा आखा



१० एप्रिल २०१८ रोजी पहाटे खंबाटकी बोगद्याजवळच्या वळणावर मजुरांनी भरलेला टेम्पो उलटला आणि १८ माणसे मेली. विजापूरकडून शिरवळला पोटासाठी निघालेली ही माणसे होती. मालवाहू गाडीतून माणसे नेण्यास कायद्याची मनाई आहे. तरीही ती गाडी सातारा जिल्ह्यापर्यंत पोचली.

पुढे ते वळण टाळण्यासाठी नव्या बोगद्यांचे काम हाती घेतले गेले. ते योग्यच होय. परंतु बोगद्याने वळण जाते. माणसांना मालासारखे वाहण्याची रीत जात नाही.

गळीत हंगामात कराडपासून पेठ नाक्यापर्यंत दोन-दोन ट्रेलर ओढणारे उसाचे ट्रॅक्टर महामार्गावर येतात. मागे दिवा नसलेला ट्रेलर रात्री अडवावयाचा, तर तो उभा करण्यास जागा हवी, रात्रपाळीस शिपाई हवेत. रस्ता झाल्यावर हे मागणे म्हणजे उलटा क्रम होय.

आणि दंड कोणी भरावयाचा? २०१९ च्या दुरुस्तीने जादा भाराचा दंड २०,००० रुपयांवर गेला. घाई कारखान्याची, नफा मालकाचा, पावती मात्र चालकाच्या हाती! वास्तविक प्रत्येक ट्रेलरचे वजन कारखान्याच्या काट्यावर नोंदलेलेच असते. तपासणी तेथून सुरू करा.

मोटार वाहन कायद्याच्या २१५ व्या कलमात जिल्हा रस्ता सुरक्षा समितीची तरतूद आहे. तिच्यासमोर चालक आणि ऊसतोड कामगार यांचे म्हणणे मांडणे, हे आपल्या कार्यकर्त्यांचे काम आहे.