नव्या इमारतीचा हिशेब
(वार्षिक सभेतील भाषण)



नव्या प्रसूतिकक्षाचे अंदाजपत्रक सादर करताना एक कबुली देणे आमचे कर्तव्य आहे. मागील बांधकामात प्राणवायूच्या नळ्यांसाठी टाकलेला स्लॅब पुन्हा फोडावा लागला. नकाशा एकाकडे, हिशेब दुसऱ्याकडे होता. चूक आमची होती.

नागपूर मेट्रोच्या उभारणीत महामेट्रोने ‘फाइव्ह-डी बिम’ पद्धत वापरली. तीत त्रिमितीय प्रतिरूपाला वेळ आणि खर्च या दोन मिती जोडल्या जातात. तेच तत्त्व आम्ही लहान प्रमाणावर स्वीकारले आहे. प्रतिरूपातील भिंत सरकली की विटा-सिमेंटची मोजमापे बदलतात आणि अंदाजपत्रकाचे सॉफ्टवेअर त्यांना दर लावते. नळी आणि तुळई एकमेकींना कोठे छेदतात, हेही स्लॅब टाकण्यापूर्वी दिसते.

मात्र जे रेखाटले नाही, ते संगणक मोजत नाही. यवतमाळची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया किती खोल न्यावा, हे माती-परीक्षणावरूनच ठरते. म्हणून खोदाई, मुरुमाचा भराव व सेंट्रिंग यांचा खर्च आम्ही स्वतंत्रपणे तपासला.

प्रत्येक बदलाचा हिशेब कार्यालयात पाहावयास मिळेल. आपण दिलेला रुपया रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचावा, हीच आमची धडपड आहे.