मधुमेहाची माघार



मी डॉक्टर नव्हे, युनियनचा माणूस. वाचून जे उमगले ते सांगतो.

फार स्थूल माणसाचे वजन उतरावे म्हणून जठरावर शस्त्रक्रिया करतात. तिने पुष्कळांचा मधुमेहही माघार घेतो. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या पाहणीत, शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी सुमारे ७२ टक्के मधुमेह्यांचा रोग हटलेला होता. पंधरा वर्षांनी प्रमाण ३० टक्क्यांवर आले.

मग गुण कोणाला अधिक येतो? ज्यांचा रोग नवा आहे, ज्यांना इन्सुलिनची सुई लागलेली नाही, त्यांना. रोग मुरला की स्वादुपिंडातील इन्सुलिन करणाऱ्या पेशी थकतात. मग वजन उतरूनही साखर पुरती उतरत नाही. वजन पुन्हा चढले, तर गेलेला रोगही परतू शकतो.

म्हणजे सुरीइतकीच वेळही महत्त्वाची. आणि आमचा कामगार रक्त तपासतो केव्हा? पायाची जखम भरेना, तेव्हा! कारण एक खाडा त्याला परवडत नाही.

म्हणून मागणीपत्रात बोनसशेजारी रक्ततपासणीची भरपगारी रजा लिहा. शस्त्रक्रिया सर्वांच्या वाट्याला येणार नाही, सर्वांना ती लागणारही नाही. पण रोग वेळेवर कळण्याचा हक्क सर्वांचाच आहे.