आभाळातले संगीत आणि खोऱ्यातले संगीत



एखाद्या खोऱ्याने स्वतःचे लहानसे नभोवाणी केंद्र चालवावे, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. रेडिओच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. पुढे २००२ साली शिक्षणसंस्थांना आणि २००६ साली सेवाभावी संस्थांना अशी केंद्रे काढण्याची वाट सरकारने मोकळी केली. आपल्याकडे पुणे विद्यापीठाची विद्यावाणी, बारामतीची वसुंधरा वाहिनी, माणदेशात म्हसवडची तरंग वाहिनी, जत तालुक्यात जालिहाळची येरळावाणी ही त्याचीच फळे. तेव्हा मुळशी तालुक्यातल्या एखाद्या संस्थेने उद्या असे केंद्र काढायचे मनात आणले, तर त्यात अशक्य काही नाही.

पण केंद्र काढणे वेगळे आणि ते रोज चालवणे वेगळे. दिवसाला सहा तास कार्यक्रम धरले, तर महिन्याला १८० तास होतात. एवढा वेळ भरायचा कशाने? शेतीचा सल्ला झाला, आरोग्याच्या चार गोष्टी झाल्या, मुलांच्या गोष्टी झाल्या. तरी उरलेल्या वेळात गाणे हवेच. गाण्यावाचून रेडिओ म्हणजे मिठावाचून भाकरी. मग कोणीतरी सुचवतो, “उपग्रहावरून गाणी घ्या की! आभाळातून फुकट मिळतात. छपरावर एक तबकडी लावली की काम झाले.”

ही सूचना वेडगळ नाही. आपल्याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या आर्वी येथे, १९७१ साली उपग्रहाशी बोलणारे देशातले पहिले मोठे भूकेंद्र सुरू झाले. पुढे आपल्या देशाचे इन्सॅट उपग्रह आले आणि आकाशवाणी आपले कार्यक्रम त्यांच्याच वाटेने दूरदूरच्या केंद्रांपर्यंत पोहोचवू लागली. आज दूरदर्शनच्या फ्री डिशवर चित्रवाहिन्यांबरोबर आकाशवाणीच्याही अनेक वाहिन्या ऐकू येतात आणि त्यासाठी महिन्याची वर्गणी पडत नाही. २६ जानेवारी २०१६ रोजी आकाशवाणीने ‘रागम’ ही अखंड शास्त्रीय संगीताची वाहिनी सुरू केली, तीही उपग्रहावरूनच. चांगले संगीत ऐकावे, मुलांना ऐकवावे, यासाठी ही सोय उत्तमच आहे.

तथापि घरात बसून ऐकणे ही एक गोष्ट आणि तेच उचलून आपल्या केंद्रावरून पुन्हा लावणे ही अगदी निराळी गोष्ट. इथे तीन अडचणी उभ्या राहतात.

पहिली अडचण पावसाची. हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. आपल्याकडून तबकडीचे तोंड आग्नेयेला, चांगले वर उचलून ठेवावे लागते, म्हणून डोंगर सहसा आड येत नाही. पण घरच्या लहान तबकडीवर जी लहर येते, तिला मुसळधार पाऊस अडवतो. ताम्हिणीकडचा आषाढ-श्रावण ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अधिक सांगायला नको. नेमक्या ज्या दिवशी रस्ता खचला, ओढ्याला पूर आला असे सांगायचे, त्याच दिवशी आभाळातले गाणे बंद! आणि त्या गाण्यावर विसंबलेले केंद्रही मुके.

दुसरी अडचण कायद्याची. फुकट ऐकायला मिळते म्हणून ते फुकट वाजवता येते, असे नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे प्रसारण करणाऱ्याचा त्याच्या प्रसारणावर हक्क असतो. त्याच्या परवानगीशिवाय ते पुन्हा प्रसारित करता येत नाही. शिवाय गीतकाराचा, संगीतकाराचा आणि ध्वनिमुद्रिका काढणाऱ्याचा हक्क वेगळा. मुद्रिकेवरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे राहतो आणि गीतकार-संगीतकारांचा त्यांच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे. म्हणून रेकॉर्ड जुनी आहे एवढ्यावरून गाणे मोकळे झाले असे समजू नये. २०१२ च्या दुरुस्तीने आगाऊ सूचना देऊन आणि ठरलेला मोबदला भरून गाणी लावण्याची वाट करून दिली आहे. त्या वाटेने जावे, नाहीतर आकाशवाणीला रीतसर पत्र लिहून परवानगी मागावी. चोरवाट धरू नये. केंद्राचा परवाना गमावण्याइतके कोणतेच गाणे गोड नसते.

तिसरी अडचण परावलंबनाची. २००० साली वर्ल्डस्पेस नावाच्या कंपनीचा ‘एशियास्टार’ हा उपग्रह आभाळात गेला. खास रेडिओसंच घ्यायचा, वर्गणी भरायची आणि दिवसरात्र हवे ते संगीत स्वच्छ ऐकायचे. भारतात त्याचे ग्राहक लाखांच्या घरात होते. पण कंपनी कर्जात बुडाली आणि २००९ सालच्या डिसेंबरअखेर आपल्याकडची सेवा बंद पडली. संच धडधाकट, ऐकणारे हौशी, उपग्रहही जागच्या जागी. पण गाणे नाही. दुसऱ्याच्या विहिरीवर मळा पिकवणाऱ्याची जी गत होते, तीच ही.

मग बाहेरचे गाणे लावूच नये काय? तसेही नाही. १९५२ नंतर काही वर्षे आकाशवाणीने चित्रपटगीतांकडे पाठ फिरवली, तेव्हा लोकांनी रेडिओ सिलोन लावला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. श्रोत्यावर रुची लादता येत नाही, हा त्यातला धडा. तेव्हा रोज तासभर रीतसर घेतलेली आवडीची गाणी अवश्य लावावीत. पण केंद्राचा पाया मात्र आपल्या भुईवर असावा. सरकारी नियमही तेच सांगतो: निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार झाले पाहिजेत.

आणि मुळशीला गाण्यांचा दुष्काळ आहे थोडाच? देवळातले भजन आहे, भारूड-गवळण आहे, ढोल-लेझीम आहे, भाताच्या आवणीची गाणी आहेत. सर्वांत मोठे धन म्हणजे जात्यावरच्या ओव्या. गी पॉइटेविन आणि हेमा राईरकर या दोघा अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह मावळ-मुळशीच्या डोंगरी गावांतून ओव्या टिपायला आरंभ केला, आणि पुढे महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून लाखावर ओव्या गोळा झाल्या. मुळशीतल्या कोळवडे यासारख्या गावांच्या बायकांचा त्यात मोलाचा वाटा आहे. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या संस्थेने हा ठेवा टप्प्याटप्प्याने जगापुढे मांडला. म्हणजे आपल्या आजीची ओवी साता समुद्रापलीकडचा माणूस ऐकू शकतो, आणि आपण मात्र गाण्यासाठी आभाळाकडे तोंड करून बसतो!

पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले आणि ओवीचा पहाटेचा वेळही गेला. ज्यांच्या ओठी ओव्या आहेत, त्या बायका आता थकल्या आहेत. आभाळातले गाणे पुढच्या वर्षीही मिळेल. यांचे मिळेलच असे नाही. म्हणून हे काम आधी.

शिक्षक बंधूभगिनींनो, यात आपला हात मोठा आहे. केंद्र निघण्याची वाट पाहू नका. साधा मोबाइल फोनही ध्वनिमुद्रणाला पुरतो. खोलीत गोधड्या टांगल्या की आवाज घुमत नाही. पंखा बंद ठेवावा, फोन गाणाऱ्या बाईंपासून हातभर अंतरावर ठेवावा. जात्याची घरघर मात्र येऊ द्यावी, कारण ओवीचा ताल तीच धरते. गाण्याआधी नाव, गाव आणि तारीख बोलून घ्यावी. रेडिओवर लावू का, हे विचारून त्यांची लेखी किंवा बोललेली संमती घ्यावी. ओवी परंपरेची असली, तरी गळा त्यांचा आहे आणि गाणाऱ्याचा हक्क कायद्यानेही मानला आहे. वरच्या वर्गातली मुले हे काम हौसेने करतात. आठवड्याला दोन गावे धरली, तर वर्षात शंभर गावांचा आवाज जमा होईल.

अशा केंद्राची शक्ती १०० वॅटची. सपाटीवर त्याचा आवाज दहाएक किलोमीटर जाईल. आपल्याकडे डोंगर आडवा आला की त्याहूनही कमी. म्हणजे ऐकणारे सगळे ओळखीचेच. हे उणे नव्हे, हेच या केंद्राचे बळ. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे १५० खेड्यांत श्रोतृमंडळे स्थापली होती. गावकऱ्यांनी कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे. खेडूत नुसते ऐकत नाहीत, त्यांना बोलायचेही असते, हे तेव्हाच दिसून आले. उपग्रह गाणे देतो, पण आपले ऐकून घेत नाही. लहान केंद्र दोन्ही करू शकते.

तेव्हा छपरावर तबकडी खुशाल लावा. परंतु तिचा खिळा ठोकण्याआधी गावातल्या चार म्हाताऱ्यांच्या ओसरीवर जाऊन या.