ताप, झटके आणि पुण्याला गेलेलं रक्त

(धडगाव येथे झालेल्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना भाषा थोडी नीट केली आहे.)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू आरोग्य खात्यातला आहेस, हे जे नवे नवे व्हायरस निघतात त्यांच्याबद्दल बोल. पण लवकर आवर, जेवण गार होईल." तर आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. सकाळपासून तीन जणांनी मला डॉक्टरसाहेब म्हटलं आणि एकाने गुडघा दाखवला. मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. बोट टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेणारा माणूस. इथल्या पुष्कळांच्या पोरांची बोटं मी टोचली असतील.

आपण दहावी झालो मार्च १९९८ मध्ये. आपल्या दाखल्यावर जिल्हा धुळे आहे. नंदुरबार जिल्हा त्यानंतर, १ जुलैला झाला. पण मला सांगायचंय ते त्याच्याही आधीचं. आपण सातवीत असतानाचा पावसाळा. वसतिगृहातल्या आपल्या एका मित्राचा धाकटा भाऊ, चार-पाच वर्षांचा, संध्याकाळी अंगणात खेळत होता. रात्री ताप चढला, उलट्या झाल्या, मध्यरात्री झटके आले. बडव्याला बोलावलं. उजाडायच्या आत पोर गेलं. मित्र आज इथेच बसला आहे. काल फोन करून त्याला विचारलं, सांगू का? म्हणाला, "सांग, फक्त नाव घेऊ नको."

पुढचं त्याच्यापेक्षा मला सांगायला जड जातं. पाड्यावर एक म्हातारी एकटी राहायची. आदल्या दिवशी तिने त्या पोराच्या हातावर आमचूरची फोड ठेवली होती. तेवढं पुरलं. ती डाकीण ठरली. आठ दिवसांत तिच्या घरावर दगड पडले, आणि ते मारणाऱ्यांत माझा सख्खा काका होता. ती नर्मदेकडच्या तिच्या भावाकडे निघून गेली, परत आली नाही. सुट्टीत घरी गेलो की आम्ही पोरं तिच्या रिकाम्या घरासमोरून पळत जायचो.

त्या पोराला काय झालं होतं? मेंदूत गेलेला मलेरिया असेल, जपानी मेंदूज्वर असेल. किंवा मी आज ज्याच्याबद्दल बोलणार आहे तो असेल. रक्त कोणी घेतलंच नाही, त्यामुळे आता कोणीच सांगू शकत नाही.

१९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात तापाची साथ होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले लोक तिथून रक्ताचे नमुने घेऊन गेले. त्यातल्या दोन मोठ्या माणसांच्या रक्तात एक अनोळखी विषाणू निघाला. त्याला गावाचं नाव मिळालं. (त्या केंद्राला आज आपण एनआयव्ही म्हणतो, राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था.) हा विषाणू पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषाणूच्या कुळातला, सूक्ष्मदर्शकाखाली बंदुकीच्या गोळीसारखा दिसणारा. पण ती दोन्ही माणसं साध्या तापाची होती. त्यामुळे पुढची कितीतरी वर्षं तो कागदावरच राहिला.

२००३ च्या जून ते ऑगस्टमध्ये आंध्र प्रदेशात मुलं पटापट दगावू लागली. आधी वाटलं जपानी मेंदूज्वर. पुण्यात नमुने तपासले तेव्हा निघाला चांदीपुरा. ३२९ मुलं आजारी, त्यांतली १८३ गेली. बरीचशी दवाखान्यात आणल्यापासून एका दिवसाच्या आत. पुढच्याच वर्षी गुजरातच्या पूर्वेकडच्या जिल्ह्यांत साथ आली, तिथे शंभरातली पंचाहत्तरहून जास्त मुलं दगावली. २००७ मध्ये नागपूर विभागात. आणि २०२४ चा पावसाळा तुम्हाला आठवत असेल. साबरकांठा, अरवली ही नावं रोज टीव्हीवर होती. जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत देशात मेंदूज्वराची २४५ मुलं-माणसं नोंदली गेली, त्यातली ८२ दगावली. जागतिक आरोग्य संघटनेने वीस वर्षांतली ही सर्वांत मोठी साथ म्हटलं.

या आकड्यांतला एक आकडा मला झोपू देत नाही. २४५ पैकी तपासणीत चांदीपुरा नक्की झाला तो ६४ जणांत. बाकीच्यांचं काय? काहींना दुसरं काही असेल, काहींचा नमुना उशिरा घेतला असेल. विषाणू रक्तात थोडे दिवसच सापडतो. रक्त वेळेवर घ्यावं लागतं, बर्फाच्या डब्यात दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं, तीन वेष्टनांत बंद करून न्यावं लागतं. आपल्याकडून पुणं किती लांब आहे ते तुम्हाला माहीत आहे. आणि पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली की पुणं सोडा, नंदुरबारही लांब होतं.

नमुन्याची किंमत मी शिकलो ती कोंबड्यांमुळे. फेब्रुवारी २००६. मला नोकरी लागून सहा महिने झाले होते. आपल्याच जिल्ह्यात, नवापूरला, बर्ड फ्लू निघाला. देशातला पहिला. भोपाळच्या प्रयोगशाळेने १८ फेब्रुवारीला पक्कं सांगितलं आणि जग नवापूरचं नाव घेऊ लागलं. लाखांनी कोंबड्या मारून पुरल्या. कितीतरी जणांचा धंदा त्या आठवड्यात बसला, ते दुःख वेगळं. पण माणसांचे जे नमुने पुण्याला गेले, त्यांत एकालाही बर्ड फ्लू निघाला नाही, हे कळलं तेव्हा आमच्या साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. काही निघालं नाही म्हणून चहा! मला तेव्हा हसू आलं होतं.

आता हा चांदीपुरा पसरतो कसा, ते सांगतो, कारण ते आपल्या घरातलंच आहे. वाळूमाशी. डासाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, भुरकट, बसली की पंख वर उभे धरते. गुणगुणत नाही, म्हणून कळतही नाही. उड्या मारल्यासारखी उडते, लांब जात नाही. राहते भिंतीच्या भेगांत, गोठ्यात, ओलसर अंधारात. आपली कुडाची, माती-शेणाने लिंपलेली भिंत सुकून तडकली की तिला घर मिळालं. साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून ती आत शिरते, औषध लावलेली मच्छरदाणी बरी. पावसाळा लागायच्या आधी भिंती लिंपून घ्यायची आपल्या आयांची जी रीत होती, ती यासाठी नव्हती हो, पण उपयोगाची होती. माझ्या बायकोने हे ऐकल्यावर मला या वर्षी घरी लिंपायला लावलं.

औषध? अजून नाही. लसही नाही. पुण्यात उंदरांवर लसीचे प्रयोग झाले आहेत. कोविडमध्ये आपण ज्या फॅविपिराविर गोळ्या ऐकल्या, त्यांचाही उंदरांवर चांगला परिणाम दिसला आहे. उंदीर आणि माणूस यांत बरंच अंतर आहे. आज हाती आहे ते एवढंच: झटके थांबवणं, ताप उतरवणं, मेंदूवरची सूज आटोक्यात ठेवणं, श्वास चालू ठेवणं. ते मोठ्या दवाखान्यात होतं, आणि तिथे पोचायला काही तासच मिळतात. म्हणून पोराला ताप आणि झटके आले की सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. बडव्याला बोलवायचं तर बोलवा, मी त्याच्याशी भांडत नाही. पण त्याला गाडीत सोबत बसवा.

आता शेवटचा प्रसंग. २०२४ च्याच पावसाळ्यात एका पाड्यावरून सहा वर्षांची मुलगी आणली. ताप, उलट्या, झटके. झोळीत घालून दोन टेकड्या उतरून आणली होती. डॉक्टरांनी झटक्यांचं इंजेक्शन दिलं, मी रक्त घेतलं, गाडी नंदुरबारला निघाली. माझा हात थरथरत होता, खोटं कशाला बोलू. मुलगी वाचली. उजवा हात अजून थोडा लुळा आहे. अहवाल यायला नऊ दिवस लागले. चांदीपुरा नाही, जपानी मेंदूज्वरही नाही.

मी तो कागद घेऊन पाड्यावर गेलो. तिच्या आजीने विचारलं, "मग काय होतं?" मला उत्तर देता आलं नाही. परत येताना आशाताई सोबत होती. तिने सांगितलं की पहिल्या दोन दिवसांत तिथे एका बाईचं नाव कुजबुजलं गेलं होतं. आशाताई घरोघरी गेली आणि एवढंच बोलली, "रक्त पुण्याला गेलंय. पुण्याहून येईल ते खरं." नऊ दिवस लोक पुण्याची वाट बघत राहिले. तोवर मुलगी उठून बसली आणि ते नाव मागे पडलं. ती बाई आजही तिच्याच घरात राहते.

२०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो असायलाच हवा. पण त्या नऊ दिवसांत तिथे कायदा कोणी बोललं नाही. माझी ती लहानशी नळी बर्फात बसून पुण्याला गेली होती, तिचा आधार होता. आपल्यात आज सात जण शिक्षक आहेत, दोघी आशा आहेत, एक सरपंच आहे, मोजून ठेवलंय मी. तुमच्या गावात असं पोर आजारी पडलं तर नमुना गेला का, हे विचारा. अहवाल आला का, हेही विचारा. आणि काहीच निघालं नाही, तरी घरी जाऊन तसं सांगा.

जाता जाता एक मागणं. वर्गणीतले पैसे उरणार आहेत असं खजिनदार म्हणतात आणि त्यातून शाळेला घड्याळ द्यायचं चाललंय. मी आज सकाळी आपल्या वसतिगृहाच्या खोल्या बघून आलो. आपण जिथे ओळीने झोपायचो, त्या मागच्या भिंतीत अजून तशाच भेगा आहेत. माझं बोट आत गेलं. घड्याळ पुढच्या वेळी देऊ. पाऊस लागायच्या आत सिमेंटच्या चार गोण्या आणि एक गवंडी आणू. एक दिवसाची मजुरी मी करतो, आणि माझा तिसऱ्या रांगेतला मित्रही यायला तयार आहे, त्याला मी आत्ताच खुणेने विचारलंय.