गोष्टींतील पाऊस

मराठी कथेंत पाऊस आला कीं त्याच्यामागोमाग मोर येतो, धरणीचा हिरवा शालू येतो, आणि विजेचा लखलखाट तर हटकून येतो. मुंबईच्या चाळींत वाढलेला, मोर केवळ राणीच्या बागेंत जाळीआड पाहिलेला विद्यार्थीदेखील निबंधांत तोच मोर नाचवितो. त्याला पाऊस ठाऊक नसतो असें नाहीं. पागोळीखालीं ठेवलेल्या बादलीचा आवाज ती भरत जाते तसा पालटत जातो, हें त्यानें ऐकलेलें असतें. फुगलेलें दार खांद्यानें लोटावें लागतें, बरणींतल्या मिठाला पाणी सुटतें, घरांत दोरीवर दोन दिवस राहिलेल्या सदऱ्याला कुबट वास येतो, हें सारें त्याच्या नित्य परिचयाचें. परंतु आपलें घर लिहिण्याजोगें नव्हे, अशी समजूत त्याच्या मनांत कोणीतरी रुजविलेली असते. ह्यांत भाषेची हानि होतेच. त्याहून मोठी हानि त्या मुलाची होते.

कोणी म्हणेल, हे संकेत तर संस्कृत कवींनींच घालून दिले. खरें आहे. महाकाव्यांत नगर, समुद्र, पर्वत, ऋतु, चंद्रोदय यांचीं वर्णनें असावींत, असें दंडीनें 'काव्यादर्शां'त सांगितलें आहे. पण श्रोतेहो, कालिदासाचें 'मेघदूत' एकदां उघडून पाहावें. तेथें हंस आहेत, कमळें आहेत. आणि त्यांच्याच शेजारीं नुकत्याच नांगरलेल्या उंच शेतजमिनीचा सुगंध आहे, गांवच्या वृक्षांवर घरटीं बांधूं लागलेल्या कावळ्यांची गडबड आहे. कावळ्यांची! भुंवयांचे विलास ज्यांना ठाऊक नाहींत अशा खेड्यांतील स्त्रिया मेघाकडे प्रेमानें ओलावलेल्या डोळ्यांनीं पाहतात, कारण पीक त्याच्या हातीं असतें. कवीनें त्या एका दृष्टिक्षेपांत कुणब्याच्या घराची वर्षभराची चिंता सांठविली आहे.

तपशील पुष्कळ हवेत, असें मात्र नव्हे. वाण्याच्या यादीसारखें वर्णन मोरापेक्षांही कंटाळवाणें. कोणाच्या कानांनीं ऐकावयाचें हें लेखकानें आधीं ठरविलें, म्हणजे दहांतले नऊ तपशील आपण होऊन गळून पडतात. छप्पर शाकारावयास ज्याच्यापाशीं पैसे उरले नाहींत, त्या गृहस्थाला पहिली सर मातीच्या वासानें कळत नाहीं. काळोखांत, अंथरुणाच्या उशाशीं टपकलेल्या थेंबानें कळते. त्याची धाकटी मुलगी मात्र उठून फडताळांतलीं भांडीं काढते आणि कोणत्या भांड्याचा नाद कसा निघतो, तें ऐकत बसते.