न बोलायचें दुखणें

ज्या दुखण्याविषयीं मी आज बोलणार आहें, त्याचें नांव घरांत मोठ्यानें घेण्याची आपली चाल नाहीं. मींहि तें दीड वर्ष घेतलें नाहीं. साठी उलटल्यावर पौरुषग्रंथीच्या कर्करोगासाठीं माझ्यावर शस्त्रक्रिया झाली. रोग गेला, पण मूत्र आवरेना. खोकला आला कीं धोतर ओलें. आमच्या रिठदला कीर्तनांत मी नेहमीं पुढें बसत असें; तो दाराजवळ बसूं लागलों, आणि पुढें जाणेंच सोडलें. लोक म्हणत, गुरुजींना आतां कीर्तनाची गोडी राहिली नाहीं.

हें कां होतें तें पाहूं. मूत्राशयाच्या तोंडाखालीं ही ग्रंथी असते व मूत्रनलिका तिच्यामधून जाते. तिच्या लगत खालीं स्नायूंचें एक वळें असतें. बटव्याचें तोंड नाडीनें आवळावें तसें तें नलिका आवळून धरतें. ग्रंथी काढतांना या वळ्यास किंवा त्याच्या मज्जातंतूंस इजा पोहोंचूं शकते. बहुतेकांचें गळणें वर्षभरांत पुष्कळ कमी होतें. त्यास कटितळाचे स्नायू आवळण्याच्या व्यायामाची जोड द्यावी. आर्नोल्ड केगेल या अमेरिकन डॉक्टरांनीं १९४८ सालीं तो स्त्रियांसाठीं सांगितला होता. मला तो उशीरां कळला, कारण मीं कोणास विचारलेंच नाहीं! एवढ्यानेंहि न भागल्यास कृत्रिम वळें बसवितां येतें. वृषणकोशांतील कळ दाबली कीं तें सैल होतें.

मध्यंतरीं जांवईबापूंनीं एक जाहिरात दाखविली. 'मूळपेशींच्या' सुईनें वळें पुन्हा नवें होईल, असें तींत होतें. खर्च आमच्या सोयाबीनच्या सबंध हंगामाएवढा. मन मोहांत पडलें, हें कबूल करतों.

कल्पना खोटी नाहीं. रोग्याच्याच स्नायूंतील वा चरबींतील पेशी काढून वळ्यापाशीं टोंचावयाच्या, म्हणजे तेथें नवा स्नायु तरी वाढेल किंवा जुन्यास बळ तरी येईल, अशी ती आशा. जपानांत नागोया विद्यापीठाच्या डॉक्टरांनीं अशा शस्त्रक्रियेनंतरच्या पुरुषांत चरबींतील पेशी टोंचल्या व कांहींचें गळणें कमी झालेलें पाहिलें. पण दुसरी बाजूहि ऐका. ऑस्ट्रियांतील इन्सब्रुक येथें स्त्रियांवर केलेल्या प्रयोगाचा यशस्वी म्हणून गाजलेला निबंध 'लॅन्सेट'नें २००७ सालीं छापला आणि २००८ सालीं, प्रयोगाच्या रीतीविषयीं गंभीर आक्षेप निघाल्यावर, मागें घेतला. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणें, रक्ताच्या ठराविक रोगांसारखे मान्य उपयोग सोडल्यास, मूळपेशी मंजूर प्रयोगाबाहेर रोग्यास देतां येत नाहींत. मंजूर प्रयोगांत भाग घेणें निराळें. दुकान मांडून मूळपेशी विकणें निराळें.

जांवईबापूंना मीं कळविलें कीं सोयाबीनचे पैसे नातीच्या शिक्षणास राहूं द्यावेत. मग धीर करून डॉक्टरांकडे गेलों, व्यायाम शिकलों, आणि चार महिने नेमानें केला. गळणें सर्वस्वीं थांबलें नाहीं. आंत कपड्याची घडी लागतेच. परवांच्या एकादशीस मात्र कीर्तनांत मी मधल्या ओळींत बसलों होतों.