अमेरिकेतली लढाई आणि आमची जमीन

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात दोघा बहीण-भावांनी मिळून दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

काल याच व्यासपीठावर आपल्या महिलांनी खणाच्या साड्यांचा फॅशन शो केला, तो आपण सगळ्यांनीच पाहिला. टाळ्या अजून कानात आहेत. आमच्या लहानपणी खण म्हणजे ओटीत घालायची वस्तू किंवा आजीची चोळी. आता गुळेदगुड्डच्या त्याच खणाच्या साड्या पुण्या-मुंबईच्या मुली हौसेने नेसतात. शो संपल्यावर कार्यवाह आम्हाला म्हणाले, "तुमच्या घरी कापसाची अडत होती ना? मग उद्या तुम्ही दोघं धाग्याबद्दल बोला." आम्ही लगेच होकार दिला. घरातली एक गोष्ट बरेच दिवस मनात होती आणि ती चार लोकांसमोर बोलायची आमची इच्छा होती.

इथल्या कापसाची गंमत त्याच्या नावापासून सुरू होते. कानडीत कापसाला 'हत्ती' म्हणतात. पुण्याचा मावसभाऊ सुट्टीत आला की आम्ही ओरडायचो, "अंगणात हत्ती आली!" तो धावत बाहेर जायचा आणि पाहतो तर कापसाची गाडी. 'आला' नाही, 'आली' म्हटलंय, हे त्याच्या कधी लक्षात आलं नाही. त्या हत्तीचे दोन प्रकार होते, जवारी आणि विलायती. जवारी म्हणजे आपल्या काळ्या रानातली जुनी जात, आणि विलायती म्हणजे अमेरिकन. अमेरिकन कापूस धारवाडात आला कसा, इथूनच आमची गोष्ट सुरू होते.

१८४० साली ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेतून कापसाचे काही जाणते मळेवाले हिंदुस्थानात आणले. त्यांच्यापैकी मर्सर नावाचा गृहस्थ आपल्याकडे आला. हुबळीजवळच्या कुसुगलला सरकारी प्रयोगाचं शेत होतं आणि तिथे न्यू ऑर्लिन्सचं बी पेरून पाहिलं गेलं. बाकी ठिकाणी ते बी बहुतेक फसलं, आपल्या जिल्ह्यात मात्र रुजलं. या कापसाची सरकी काढायला गोल करवती लावलेलं यंत्र लागे, ते सॉ-जिन. जवारी कापूस त्या करवतीला मानवत नसे. तो बायका दगडावर लोखंडी दांडा ठेवून, पायाने फिरवून सरकीपासून वेगळा करत. सॉ-जिनच्या दुरुस्तीसाठी धारवाडात सरकारी कारखाना निघाला. त्याचे प्रमुख डॉ. फोर्ब्स पुढे मुंबई इलाख्याचे कॉटन कमिशनर झाले. लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या मालाची दोन नावं चालत. विलायतीला 'सॉ-जिन्ड धारवार' म्हणत आणि जवारीला 'कुमठा', कारण तो कुमठा बंदरातून जायचा. ज्या हुबळीच्या गाड्या शिरशीवरून देवीमने घाट उतरत होत्या, तिचं नाव कुठेच नाही!

आता त्या काळच्या फॅशनबद्दल. तेव्हा युरोपात बायकांचे घागरे तंबूसारखे फुगलेले असत. त्याखाली पोलादी तारांचा सांगाडा असे, त्याला क्रिनोलिन म्हणत. एकेका पोशाखाला लागणारं कापड नऊवारीला लाजवेल इतकं! साध्या घरच्या बायकांचे छापील कपडे मँचेस्टरच्या सुती कापडाचे. तेच मँचेस्टर आपल्याला धोतरं आणि लुगडीही विकत होतं. या सगळ्याला लागणाऱ्या कापसाच्या पाचांतले चार भाग अमेरिकेच्या दक्षिणेकडून येत, आणि तिथे तो वेचणारे गुलाम होते. १८६० साली त्या देशात सुमारे ४० लाख माणसं गुलामीत होती. 'अमेरिकन बी' हा शब्द आम्ही घरात इतक्या अभिमानाने ऐकला, पण त्या बियाण्याला हात लावणाऱ्या माणसांचा विचार कोणी केलेला आम्हाला आठवत नाही.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली. कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. १८६२ च्या हिवाळ्यात तिथे सुमारे ५ लाख माणसं मदतीच्या अन्नावर होती. बेलफास्टच्या लिननवाल्यांची आणि यॉर्कशायरच्या लोकरवाल्यांची मात्र चांदी झाली, कारण सुती कापड महागल्यावर गिऱ्हाईक तिकडे वळलं. आणि सगळ्यांची नजर हिंदुस्थानकडे लागली.

इथे काय घडलं ते ऐका. १८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्यात घातला गेला. कारण काय, तर धारवाडचा कापूस कारवारच्या बंदरातून लवकर बाहेर पडावा. म्हणजे आपल्या शेजारच्या जिल्ह्याचा नकाशासुद्धा मँचेस्टरच्या गरजेने बदलला! मँचेस्टर कॉटन कंपनीने सदाशिवगडला यंत्रं पाठवली. तिथे उतरवून पाहतात तर ना धक्का, ना घाटातला रस्ता पुरा झालेला. १८६४ पर्यंत कंपनीच गुंडाळली गेली. (रस्त्याच्या आधी उद्घाटन करायची पद्धत फार जुनी आहे, हे हुबळी-धारवाडकरांना वेगळं सांगायला नको.)

लिव्हरपूलला हिंदी कापसाचा भाव चौपटीवर गेला. शेतकऱ्याच्या हातात कधी नव्हे ते रोख रुपये आले. त्या दिवसांत कोणी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या असं सांगतात. खरं-खोटं देव जाणे. भेसळही तशीच वाढली. जवारीत विलायती, विलायतीत सरकी, वर माती आणि पाणी. म्हणून मुंबई सरकारने १८६३ मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध खास कायदा केला. ती भेसळ करणाऱ्यांत आमचे पूर्वज नसतील असं छातीठोक सांगायची आमची तयारी नाही. ज्वारीच्या रानात कापूस पेरला गेला आणि धान्य महागलं. या पाच वर्षांत मुंबईत सुमारे ८ कोटी १० लाख पौंडांचा जादा पैसा आला असं म्हणतात. बॅक बे भरून काढणाऱ्या कंपनीच्या शेअरचा सट्टा, प्रेमचंद रायचंद, हे सगळं आपण वाचलेलं आहे.

मग शांततेच्या नुसत्या वावड्या उठल्या, आणि १८६४ संपायच्या आतच भाव ढासळू लागले. ९ एप्रिल १८६५ ला जनरल ली शरण गेला. १ जुलै १८६५ हा मुंबईत हिशेब चुकते करण्याचा दिवस होता. त्या दिवशी पेढ्या कोसळल्या. तिकडे माणसं मरायची थांबली, गुलाम मोकळे झाले, आणि इकडे घरोघर सुतक. आमच्या आजोबांच्या तोंडी एक वाक्य असे, "लढाई संपली आणि आपण बुडालो." त्यांनी ते त्यांच्या आजोबांकडून ऐकलेलं. लहानपणी आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मुंबईवाल्यांचं बुडणं पुस्तकांत आलं. शेतकऱ्याचं कुठे आलं? काही अंशी ते १८७५ मध्ये आलं. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला १२ मे रोजी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि गहाणखतं जाळली. ही कर्जं का फुगली याची चौकशी झाली, तेव्हा त्या कापूसतेजीतली सढळ उधारी हे एक कारण निघालं. आपल्या जिल्ह्यात तसा दंगा झाला नाही. म्हणून वह्या राहिल्या, आणि त्यातल्या काही आमच्या माळ्यावर राहिल्या.

वडील गेल्यावर घर आवरताना लाल कापडात बांधलेल्या रोजकिर्दी आणि खतावण्या निघाल्या. सगळ्या मोडीत. धारवाड मुंबई इलाख्यात होतं, त्यामुळे कानडी गावातले हिशेबही मोडीत असत. आम्ही दोघांनी निवृत्तीनंतर मोडीचा वर्ग केला. आधी हौस म्हणून, मग चटकच लागली. शके १७८६ च्या खतावणीत नवलगुंद तालुक्यातल्या एका कुळाचं खातं सापडलं. बैलजोडीसाठी उचल, मुलीच्या लग्नासाठी उचल, बियाण्यासाठी उचल. पुढच्या कापसावर हे सगळं वसूल होईल, असा त्या वेळच्या भावाचा हिशेब. दुसऱ्या वर्षी त्याच खात्यावर गहाणखताची नोंद आहे. शके १७९० मध्ये खरेदीखत. जमीन आमची झाली, आणि तो माणूस त्याच जमिनीवर आमचं कूळ म्हणून राहिला.

मंडळी, ही जमीन आम्हाला चांगली माहीत होती. १ मार्च १९७४ ला कर्नाटकाचा सुधारलेला कुळकायदा लागू झाला, तेव्हा कसणाऱ्याने अर्ज केला आणि ती गेली. वडील ट्रिब्युनलपुढे कित्येक वर्षं भांडले. घरात दर पाडव्याला, दर श्राद्धाला एकच वाक्य असे, "आपली वडिलोपार्जित जमीन कायद्याने लुबाडली." आम्ही दोघंही ते वाक्य आपापल्या मुलांना ऐकवत आलो. ती जमीन आमच्याकडे कुठून आली, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही. शंभराहून अधिक वर्षं ज्याच्या घराण्याने ती कसली, त्याच्याच घराण्याची ती आधी होती.

कापडाची टंचाई आणि लढाई यांचं नातं पुढेही सुटलं नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये १९४१ पासून कपडे कूपनवर मिळत. आपल्याकडे १९४३ मध्ये कापडावर नियंत्रण आलं. तेव्हाच नऊवारी सोडून पाचवारी नेसायला लागल्याचं आजी सांगायची, आणि वर म्हणायची, "लोकांना वाटलं सुधारले." दुकानात त्या वर्षांत बरकत होती, हेही तीच सांगायची, जरा हळू आवाजात.

गेल्या संक्रांतीनंतर आम्ही त्या शेतावर गेलो. सोबत खतावणीच्या पानाची झेरॉक्स नेली होती. आता कसणारा गृहस्थ आमच्याच वयाचा आहे. आम्हाला अजून 'सावकार्र' म्हणतो, नको म्हटलं तरी. बांधावर बसून आम्ही ते मोडी पान त्याला कानडीत वाचून दाखवलं. बैलजोडी, लग्न, बी. त्याने पणजोबाच्या वडिलांचं नाव दोनदा वाचायला लावलं. घरात त्या माणसाचं नावच कोणाला माहीत नव्हतं. मग विचारलं, भाव पडला कशाने? आम्ही सांगितलं, अमेरिकेत लढाई चालली होती, ती थांबली म्हणून. तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, "त्यांना कोणी सांगितलं असेल का हो, तिकडे लढाई आहे म्हणून?"

आमच्या पूर्वजांना माहीत होतं. मुंबईच्या पेढीची पत्रं त्याच गठ्ठ्यात आहेत, भाव फार दिवस टिकणार नाहीत असं लिहिलेली. त्यानंतरच्या पानांवरही उचल दिल्याच्या नोंदी आहेत. हे आम्ही त्याला तिथेच सांगितलं. ते सांगायलाच गेलो होतो.

त्याने यंदा कापूस लावला नव्हता, हरभरा होता. निघताना हिरव्या हरभऱ्याची मोठी पेंढी आमच्या गाडीत टाकली आणि झेरॉक्सची घडी करून खिशात ठेवली. मूळ खतावणीही त्यालाच द्यावी असं आमच्यापैकी एकाचं मत आहे. दुसऱ्याचं म्हणणं, ती विद्यापीठात द्यावी म्हणजे सगळ्यांना पाहता येईल. अजून ठरलेलं नाही. इथे कोणाला मोडी येत असेल तर कार्यक्रम संपल्यावर जरूर भेटा, अजून सात वह्या वाचायच्या राहिल्या आहेत.